तिथी आणि आभाळ बघून माल कसा भरावा: इंदूरमध्ये नव्याने सुपरमार्केट चालवणाऱ्यांसाठी

इंदूरमध्ये कोणी नवं मार्ट उघडलं की कंपन्यांचे सेल्समन रांग लावतात आणि प्रत्येकाचं वाक्य ठरलेलं असतं: "भाभीजी, सीझन आ रहा है, दस पेटी उतार दूँ?" सीझन येतोय हे खरंच असतं. पण तो कोणत्या आठवड्यात येणार, तुमच्या मोहल्ल्यात येणार की नाही आणि कोणत्या वस्तूवर बसणार, हे त्याच्या टार्गेटमध्ये लिहिलेलं नसतं. ते आपलं आपल्याला काढावं लागतं.

मी सुदामा नगर भागात मध्यम आकाराचं दुकान सांभाळते. गिऱ्हाइकांत मराठी घरं बरीच, बाकी माळवी, जैन, सिंधी आणि भाड्याने राहणारी मुलं. घरच्या किराणा दुकानाचं मार्ट करणाऱ्या किंवा फ्रँचायझी घेतलेल्या मंडळींना पहिलं वर्ष सोपं जावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी जवळ काय हवं

- बिलिंग सॉफ्टवेअरमधून काढलेला वस्तुवार आणि दिवसवार विक्रीचा अहवाल. दुकान नवं असेल तर निदान खरेदीची बिलं.
- दोन कॅलेंडरं: एक मराठी, एक हिंदी पंचांगाचं. दोन का, ते पुढे येतं.
- जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेल्या स्थानिक सुट्ट्यांची यादी आणि आसपासच्या शाळांचं वेळापत्रक.
- हवामान विभागाचं 'मौसम' ॲप.
- प्रत्येक डिस्ट्रिब्युटरच्या परतीच्या अटी, लेखी.
- काउंटरजवळ एक जाड वही आणि दोरीने बांधलेलं पेन. मोबाइलमध्ये लिहू म्हणाल तर चार दिवस लिहाल.

१. विक्री नगात आणि किलोत मोजा

रुपयांत मोजलेली विक्री फसवते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. नमकीन आणि तूप १२ टक्क्यांवरून ५ वर आलं, बिस्किटं, चॉकलेट, साबण, शाम्पू १८ वरून ५ वर. आता २०२४ आणि २०२५ ची दिवाळी रुपयांत शेजारी ठेवली तर तेवढेच पुडे जाऊनही विक्री घटल्यासारखी दिसेल. त्यात गंमत अशी की त्या वर्षीची घटस्थापनाही नेमकी २२ सप्टेंबरलाच होती. त्या आठवड्यातली वाढ नवरात्रीची किती आणि स्वस्ताईची किती, हे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्याकडून माल घेताना दोनदा विचार करा.

२. तारीख सोडा, तिथी धरा. आणि तिथीही दोन कॅलेंडरांतून

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये इथे २० ऑक्टोबरला (मराठी कॅलेंडरांत २१ ला). म्हणजे तेवीसच्या ऑक्टोबरची पंचवीसच्या ऑक्टोबरशी तुलना करण्यात काही अर्थच नाही. २०२४ मध्ये तर ३१ ऑक्टोबर की १ नोव्हेंबर यावरच एकमत नव्हतं आणि गर्दी दोन दिवसांत विभागली गेली. म्हणून अहवालात तारखेशेजारी एक रकाना वाढवा आणि त्यात 'सणाला उरलेले दिवस' लिहा: दिवाळी वजा १५, वजा १०, वजा ३. मग कोणतंही वर्ष कोणत्याही वर्षाशेजारी ठेवता येतं.

दुसरी गोष्ट इंदूरची खास. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगातला पौर्णिमेला. सण सहसा एकाच दिवशी येतात. जन्माष्टमी दोघांची एकच. फरक पडतो तो महिनाभर चालणाऱ्या व्रतांना. २०२५ मध्ये हिंदी श्रावण ११ जुलैला लागला आणि आपला २५ जुलैला. त्यांचे सोमवार १४, २१, २८ जुलै आणि ४ ऑगस्ट. आपले २८ जुलै, ४, ११ आणि १८ ऑगस्ट. दुकानाच्या दृष्टीने मिळून सहा सोमवार झाले, त्यातले मधले दोन दोघांचे. साबुदाणा, भगर, राजगिरा, शेंगदाणे, सैंधव, बटाटे यांची मागणी दीड महिना चालते आणि मध्यावर शिखर गाठते. पुण्याहून आलेला मॅनेजर पहिले दोन सोमवार हुकवतो आणि केवळ हिंदी कॅलेंडर बघणारा शेवटचे दोन. उलट, अंडी या काळात कमी मागवा. तीही सहा आठवडे.

२०२६ मध्ये हिंदी श्रावण ३० जुलैला लागतो आणि आपला १३ ऑगस्टला. सोमवार ३ ऑगस्टपासून ७ सप्टेंबरपर्यंत. सगळं इतकं पुढे सरकतं ते त्या वर्षीच्या अधिक ज्येष्ठामुळे: १७ मे ते १५ जून. अधिक महिन्यात लग्नं नाहीत, म्हणजे ऐन उन्हाळ्यात आचाऱ्यांच्या लांबलचक याद्या नाहीत. पण मराठी घरांत जावयाला अनारशांचं वाण असतं, त्यामुळे अनारशाचं पीठ, खसखस आणि गूळ भर मे महिन्यात विचारले जातात. गेल्या वर्षीच्या मे महिन्याचा अहवाल बघून ही मागणी कधीच दिसणार नाही.

व्रताच्या मालाची आणखी एक खोच. सोमवारचा साबुदाणा सोमवारी विकला जात नाही. भिजवायचा असतो, म्हणून शनिवारी आणि रविवारी संध्याकाळी जातो. सोमवारी सकाळी येतो तो फक्त विसरलेला. साबुदाणा तमिळनाडूच्या सेलम भागातून येतो, त्यामुळे ऐन वेळी सियागंजच्या घाऊक बाजारात धावलात तर मिळेल, पण त्या दिवशीच्या भावाने. आणि फळीवरच्या पट्टीवर 'भगर / मोरधन' असं दोन्ही लिहा, नाहीतर अर्धी गिऱ्हाइकं समोर माल असून परत जातात.

रमजानला अधिक महिन्याचा टेकू नाही, तो दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाला. खजराना आणि त्याच्या आसपासच्या मुस्लिम वस्तीत दुकान असेल तर खजूर, शेवया, सरबत यांचं गणित वेगळ्या पानावर मांडा.

३. प्रत्येक सणाचा चढ-उतार वेगळा काढा

दिवाळीला दोन लाटा येतात. पहिली फराळाची: बेसन, रवा, मैदा, पातळ पोहे, डाळं, पिठीसाखर, तेल, तूप. ती साधारण पंधरा दिवस आधी सुरू होते आणि घरोघरी चकल्या झाल्या की थंडावते. दुसरी भेटवस्तूंची: सुका मेवा, चॉकलेटचे डबे, सरबताच्या बाटल्या. ती शेवटच्या चार-पाच दिवसांत येते आणि भाऊबीजेला संपते. रव्याची जागा कधी रिकामी करून तिथे डबे लावायचे, हा खरा प्रश्न. याच दिवसांत भंवरकुवाकडची कोचिंगची मुलं गावी जातात. तिकडे दुकान असेल तर नूडल्स, ब्रेड आणि दुधाच्या लहान पिशव्या कमी करा.

गणपतीचे दहा दिवस इंदूरमध्ये एकटे येत नाहीत. श्वेतांबर पर्युषण गणेश चतुर्थीच्या सुमाराला संपतं आणि लगेच दिगंबरांचं दशलक्षण सुरू होतं, ते अनंत चतुर्दशीपर्यंत. एका घरात मोदकाची पिठी, नारळ आणि महालक्ष्म्यांसाठी सोळा भाज्यांची यादी. शेजारच्या घरात हिरवी भाजी आणि कंदमुळं बंद, त्याऐवजी डाळी, खाखरे, पापड. तुमच्या गल्लीत कोणती घरं किती, हे कोणतंही ॲप सांगणार नाही. घरपोच याद्यांतून ते आपोआप कळतं. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे कापड गिरण्यांचे चित्ररथ, निघतात. त्या मार्गावर दुकान असेल तर संध्याकाळनंतर मालाची गाडी आत येत नाही. पाणी, वेफर्स, नमकीन दुपारीच भरून ठेवा.

होळी इथे पाच दिवस लांबते. बाकी देश धुळवडीला रंग धुतो, इंदूर रंगपंचमीच्या गेरची, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीची, वाट बघतं. २०२५ मध्ये धुळवड १४ मार्चला आणि रंगपंचमी १९ ला होती. रंग, पिचकाऱ्या आणि डोक्याला लावायचं तेल धुळवडीनंतर उचलून ठेवू नका. दुसरी फेरी बाकी असते. साखरेच्या गाठीही तशाच. माळवी घरं हार-कंगन म्हणून होळीला नेतात, आपण गुढीपाडव्याला. उरलेल्या गाठी कोरड्या डब्यात ठेवल्या तर पाडव्याला निघून जातात.

संक्रांतीबद्दल एवढंच की तीळगूळ संक्रांतीपर्यंत आणि वाणाच्या वस्तू रथसप्तमीपर्यंत. लहान वाट्या, गाळण्या, कुंकवाच्या डब्या डझनात मागतात, सुट्या नाही.

४. हवामानाची नोंद घेताना तारीख तपासा

हवामान खात्याचा रोजचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात आणि ज्या सकाळी मोजला त्या तारखेला नोंदवतात. म्हणजे मंगळवारच्या आकड्यातला बहुतेक पाऊस सोमवारी पडलेला असतो. हे लक्षात न घेता विक्रीला पाऊस जोडलात तर 'पावसाच्या दिवशी गर्दी वाढली' असले चमत्कारिक निष्कर्ष निघतात.

शिवाय वेधशाळा विमानतळाकडे, म्हणजे शहराच्या पश्चिमेला. तिथे मुसळधार आणि विजय नगरात कोरडे रस्ते, हे इंदूरमध्ये नवल नाही. म्हणून वही. वहीतली ओळ अशी दिसते: "सोमवार. चारला आभाळ. ५.१० ते ६.३० जोरात, समोर पाणी साचलं. भगर सहाला संपली. बेसन भरपूर गेलं." एवढं पुरे. त्यातलं 'भगर सहाला संपली' सगळ्यात मोलाचं, कारण संगणकाला त्यानंतर भगर शून्य विकली गेली एवढंच दिसतं.

इशाऱ्यांचे रंग चार: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. एका दिवसात ६४.५ मिलिमीटरच्या वर 'भारी', ११५.६ पासून 'अति भारी'. दुकानदाराने पिवळ्याला घाबरायचं नाही, नारिंगीपासून कामाला लागायचं.

५. ऊन: पाऱ्याचा आकडा बघू नका, उडी बघा

फेब्रुवारीच्या शेवटी थंडी जाऊन एकदम तीन-चार दिवस दुपार तापते, तेव्हा ताक, लस्सी, सरबतं, आइसक्रीम यांना जी झेप येते ती मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांना येत नाही. मे महिन्यात विक्री जास्त असते पण सपाट. लोकांनी घरी माठ भरलेले असतात, शिकंजी मसाला आणून ठेवलेला असतो. म्हणून फ्रीजची दुरुस्ती आणि पहिली मोठी ऑर्डर फेब्रुवारीतच करा. शेवटची मोठी ऑर्डर जूनच्या पहिल्या आठवड्यात थांबवा. इंदूरला मोसमी पाऊस जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो आणि त्याआधीची एखादी वळवाची सर पडली की थंड पेयांचे क्रेट जागच्या जागी बसतात.

उन्हाने खरेदीची वेळ सरकते. दुपारी बारा ते पाच शुकशुकाट, मग सातनंतर एकदम झुंबड, कारण माळव्यात दिवस कितीही तापला तरी संध्याकाळ सुसह्य होते. मुलांची पाळी त्याप्रमाणे लावा. दुपारी फळ्या भरायच्या, रात्री दोन्ही काउंटर चालू.

वाळवणं विसरू नका. मार्च ते मे साबुदाणा, तांदळाचं पीठ, उडीद, पापडखार आणि मोठे प्लास्टिकचे कागद मराठी घरांत जातात. त्यात मध्येच दोन दिवस आभाळ आलं तर विक्री थांबते, बुडत नाही. ऊन पडलं की तीच बाई तीच यादी घेऊन येते. कैरीच्या लोणच्याचा मसाला, मोहरीची डाळ आणि बरण्या मात्र पाऊस लागण्याच्या आत विकल्या जायला हव्यात.

६. पाऊस तीन प्रकारचा

एक, तासाभराची सर. यात विक्री बुडत नाही, फक्त उशिरा होते. दाराशी छत्र्यांसाठी बादली आणि पायपुसणं ठेवा. ओल्या फरशीवर कोणी घसरलं तर बाकी सगळे हिशेब बाजूला राहतात.

दोन, झड. पहिल्या संध्याकाळी बेसन, तेल, हिरव्या मिरच्या, ओवा आणि भुट्टे. भुट्ट्याच्या किसाला दूधही जास्त लागतं. तिसऱ्या दिवशी हौस संपते आणि फक्त दूध, ब्रेड, बटाटे, कांदे उरतात, तेही फोनवर. गिऱ्हाईक कमी येतात पण येतात ते मोठं बिल करतात. भाजीची गाडी चोइथराम मंडीतून उशिरा येते, म्हणून आदल्या रात्री बटाटे-कांदे जास्तीचे उतरवून ठेवा.

तीन, नारिंगी किंवा लाल इशारा. इथे विक्री आदल्या संध्याकाळी येते. अमेरिकेत २००४ साली फ्रान्सेस वादळ येण्याआधी वॉलमार्टने मागच्या वादळाच्या वेळची बिलं चाळली, तेव्हा स्ट्रॉबेरीचे पॉप-टार्ट नेहमीच्या सातपट गेलेले दिसले. शिजवावं लागत नाही, टिकतं, मुलं खातात. आपल्याकडे तीच जागा टोस्ट, नमकीन, नूडल्स आणि दूध पावडर घेतात. जोडीला मेणबत्त्या आणि काड्यापेट्या. शाळांना सुट्टी जाहीर झाली की खाऊ सकाळीच संपतो.

आणि गोदाम. जुलै ते सप्टेंबर रवा, मैदा, बेसन थोडं थोडं आणि वरचेवर मागवा. पोती जमिनीवर नको, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. या दिवसांत पन्नास किलो रव्यावर मिळणारी सूट जाळ्या धरलेल्या दहा किलोंत निघून जाते.

७. थंडी

नोव्हेंबरअखेर ते जानेवारी बाजरी, मक्याचं पीठ, तीळ, गूळ, डिंक आणि सराफ्याच्या खाऊगल्लीतल्यासारखं गराडू (एक कंद) घरी तळणाऱ्यांसाठी तेल आणि वरून भुरभुरायचा जिरावण मसाला. खोबरेल तेल साधारण चोवीस अंशांखाली गोठतं, म्हणून अरुंद तोंडाच्या बाटल्या कमी, रुंद बरण्या जास्त. रात्रीची गर्दी लवकर ओसरते.

८. सण आणि पाऊस एकाच दिवशी आले तर

इथे नवीन माणूस घाबरून ऑर्डर कापतो. थांबा. आधी मालाचे दोन भाग करा. न चुकणारा माल: हरतालिकेच्या आदल्या दिवशीची भगर, चतुर्थीची पिठी आणि नारळ, लक्ष्मीपूजनाच्या लाह्या-बत्तासे. तिथी पावसासाठी थांबत नाही, म्हणून हा माल कमी करायचा नाही. अलीकडे आणायचा आणि घरपोच देण्यासाठी एक माणूस जास्तीचा ठेवायचा. दुसरा, आला तर आला असा माल: सजावट, शोभेचे दिवे, येता-जाता उचललेली चॉकलेटं. दुकानात पाऊल पडलं तरच तो जातो, म्हणून पावसाचा अंदाज असेल तर कापायचा तो हा.

आकडेमोड साधी आहे. समजा नेहमीच्या शनिवार-रविवारी मिळून साबुदाणा १० किलो जातो. गेल्या श्रावणात एकाच पंचांगाच्या सोमवाराआधी २५ आणि दोन्हींच्या सोमवाराआधी ४० गेला. म्हणजे गुणक अडीच आणि चार. यंदा नेहमीची विक्री १२ वर गेली असेल तर ३० आणि ४८ धरा. वहीत मागच्या वेळी 'संपला' अशी नोंद असेल तर थोडा आणखी वाढवा. साबुदाणा टिकतो, म्हणून चूक वरच्या बाजूला चालेल. पनीर किंवा मलई बर्फी असती तर खालच्या बाजूला ठेवली असती.

९. नवख्यांना हमखास अडवणाऱ्या गोष्टी

- महिन्याचा पहिला आठवडा. पगाराची गर्दी आणि सणाची गर्दी एकत्र आली तर सगळं श्रेय सणाला देऊ नका. राज्य सरकारच्या लाडली बहना योजनेचा हप्ता बायकांच्या खात्यात जमा झाला की दोन-तीन दिवस साबण, तेल, मुलांचा खाऊ वाढतो. तीही नोंद वहीत हवी.
- स्वतःचीच स्कीम. 'दोनवर एक' लावली त्या आठवड्यात शाम्पू गेला, तो उन्हामुळे गेला असं समजून पुढच्या वर्षी भरू नका.
- शेजारचं दुकान बंद असणं. समोरचा लग्नाला गावी गेला होता, हे संगणकाला माहीत नसतं.
- पितृपक्ष. खरेदी मंद म्हणून सरसकट ऑर्डर कापतात. पण तांदूळ, उडीद डाळ, दूध, तूप, भाज्या या पंधरवड्यात चालतात. मंदावतं ते भांडी, भेटवस्तू आणि सौंदर्यप्रसाधनं.
- सणाचं वेष्टन असलेले डबे. दिवाळीचं चित्र छापलेला चॉकलेटचा डबा भाऊबीजेनंतर निम्म्या किमतीलाही रेंगाळतो. परत घेणार का, किती दिवसांत, बदली माल की क्रेडिट नोट, हे ऑर्डर देतानाच चलनावर लिहून सही घ्या. सेल्समन "हो जाएगा, भाभीजी" म्हणाला तर चहा पाजा, पण चलन पुढे करा. सही करत नसेल तर साधे, चित्र नसलेले डबे मागा; ते संक्रांतीच्या वाणालाही खपतात.